आत्याचे दाढीवाले कॅक्टस

गॅलरी अकरा फूट लांब, चार फूट रुंद, आणि तिच्यावर दोन माणसांचा डोळा. दादाला ती काचेनं बंद करून तिथे व्यायामाची सायकल ठेवायची होती. आत्याला तिथे कॅक्टस करायचे होते. ('लावायचे' नव्हे, 'करायचे'. हा फरक आत्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगायची, त्यामुळे येणारे हल्ली लवकर जाणारे होऊ लागले होते.)

आत्या खरं म्हणजे फक्त दादाच्या मुलीची आत्या. ती मुलगी शिकायला लांब गेली आणि नाव मागे विसरून गेली. आता दूधवाल्यापासून खालच्या मजल्यावरच्या सत्तरीच्या वकिलांपर्यंत सगळे तिला आत्याच म्हणत. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत शिवण शिकवून ती गेल्याच वर्षी घरी बसली होती, आणि घरी बसणं हा विषय तिचा नव्हता.

तर कॅक्टस. तुम्ही पाहिलेला असणार. खाली हिरवा, तीन कडांचा दांडा आणि वर लालभडक नाहीतर पिवळाधमक गोळा, जसं काही कोणी जाड पेन्सिलीवर लिंबू टोचून ठेवलंय. आपल्याला वाटतं हे एक झाड. ती असतात दोन. वरच्या गोळ्यात हिरवेपणा औषधालासुद्धा नसतो, त्यामुळे त्याला स्वतःचं अन्न करता येत नाही. नुसता मातीत लावला तर उपाशी मरतो. म्हणून त्याला दुसऱ्याच्या डोक्यावर बसवतात. खालच्यानं राबायचं, वरच्यानं मिरवायचं. नर्सरीवाल्या बाई घरी येऊन हे समजावून सांगत होत्या तेव्हा वहिनी शेजारीच उभी होती. तिनं फक्त दादाकडे बघितलं. दादा चहाची वाट बघत बसला होता.

नर्सरीवाल्या बाईंना घरून कलमं बांधून देणारी माणसं हवी होती. ठरलं असं, की त्या आत्याला तीनशे कलमांचा माल देणार, मुदत दोन महिने. त्यातली दोनशे पास झाली तर आत्या त्यांची कायमची कलमवाली आणि गॅलरी कायमची आत्याची. एक जरी कमी पडलं तर गॅलरीला काच, आणि आत्यानं त्यावर पुन्हा तोंड उघडायचं नाही. खालच्या वकिलांनी कोणी न बोलावता वर येऊन हे सगळं कागदावर उतरवलं. त्यात दादा 'पक्षकार क्रमांक एक' झाला आणि आत्या 'दोन', म्हणून तिनं तिथल्या तिथे कागद फाडून परत लिहायला लावला.

शिकायला ती एक अख्खा दिवस नर्सरीच्या शेडमध्ये जाऊन आली. तिथे लांब बाकांवर बायका बसलेल्या, आणि कामाचा वेग असा, की बघणाऱ्याची मान दुखावी. दांड्याचे वीतभरापेक्षा जरा आखूड तुकडे करायचे. चाकू प्रत्येक वेळी स्पिरिटच्या बोळ्यानं पुसायचा. तुकडे सुकले, की दांड्याचं डोकं नव्यानं सपाट उडवायचं आणि तिन्ही कडांचे कोपरे तिरके छाटायचे. गोळ्याचा बुडखा कापायचा. दोन्ही कापांच्या मधोमध एक फिकट गोल दिसतो. गोलावर गोल टेकला की खालचं पाणी वर चढतं. काप ओले असतानाच गोळा बसवायचा, वरून आडवे-उभे दोन रबर लावायचे, आणि मग पंधरा दिवस सावलीत, जोडावर पाण्याचा थेंब नाही. बाईंनी आणखीही पुष्कळ सांगितलं. शेंडा कुठला, बूड कुठलं, असंही काहीतरी त्यात होतं. पण त्या वेळी आत्या मनातल्या मनात त्यांच्या कामातल्या चुका काढत होती. रबराबद्दल तर तिचं मत तिथेच पक्कं झालं. रबर म्हणजे शिस्त नसलेला दोरा.

माल आला तो सकाळी सातला, टेम्पोतून. पाच-पाच फुटी काटेरी दांड्यांच्या चार मोळ्या आणि रंगीत गोळ्यांच्या दोन पाट्या. जिन्यात वकील भेटले. कायद्याच्या दृष्टीनं, ते म्हणाले, वरून पडलेला काटा हा पडलेल्या दगडासारखाच धरला जातो. आत्यानं विचारलं, की तुम्ही गॅलरीखाली उभं राहून करता काय. त्यावर ते म्हणाले, की प्रश्न तत्त्वाचा आहे, आणि एक मोळी उचलून वर घेऊन आले. दुपारपर्यंत त्यांच्या तळहातातले अकरा काटे वहिनीनं चिमट्यानं काढले.

आता तुकडे करण्याची गोष्ट. इथे नीट लक्ष द्या, कारण आत्यानं दिलं नाही.

प्रत्येक तुकडा एका टोकाला किंचित जाड होता आणि दुसऱ्या टोकाला किंचित बारीक. कापलेले तुकडे तीन-चार दिवस सुकू द्यायचे होते, आणि त्यासाठी घरात होती फक्त बुटांची खोकी. शेडमधल्यासारखे सगळे एकाच दिशेनं ठेवले, तर एका बाजूला गर्दी आणि दुसऱ्या बाजूला फटी. आत्यानं त्या फटी बघितल्या आणि तिच्यातली शिवणाची बाई जागी झाली. कळ्यांचा, म्हणजे खाली रुंद आणि वर निमुळत्या पट्ट्यांचा, घेरदार झगा बेतताना काय करतात? एक कळी सरळ, तिच्या शेजारची उलटी. जाड टोकाशेजारी बारीक टोक. अर्धा मीटर कापड वाचतं. ही युक्ती न शिकता तिच्या वर्गातून एकही मुलगी बाहेर पडलेली नव्हती. तिनं तीनशे तुकडे एक सरळ, एक उलटा असे सहा खोक्यांत बसवले, सातवं खोकं रिकामं राहिलं, आणि ते तिनं दादासमोर नेऊन ठेवलं. दादानं विचारलं, यात काय आहे. आत्या म्हणाली, "अक्कल."

तुकडे सुकेपर्यंत नोंदणी करून घ्या, असं बाईंनी बजावलं होतं. घरून रोपं बाहेर जायची तर बागायत कार्यालयाचा कागद लागतो. आत्याला वाटलं, तासाभराचं काम. बिचारी.

कार्यालयातल्या कारकुनाचा चष्मा कपाळावर होता आणि तो तो टेबलावर शोधत होता. अर्जात पहिलाच रकाना होता, रोपाचं नाव. आत्यानं वरच्याचं आणि खालच्याचं अशी दोन नावं लिहिली. कारकून म्हणाला, एका अर्जात एकच नाव. आत्यानं दोन अर्ज भरले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, की वरच्याच्या अर्जात 'मुळे आहेत का' यापुढे तुम्ही 'नाही' लिहिलंय, आणि ज्याला मुळं नाहीत ते रोप नव्हे. बरं, मग खालच्याचा तरी अर्ज घ्या, असं आत्या म्हणाली. तो तर पहिल्या ओळीलाच अडकला: 'शेंडा शाबूत आहे का'. शेंडा तर कापलेला. मुळं अजून फुटायची होती. थोडक्यात, सरकारी नियमाप्रमाणे वरचंही रोप नव्हतं आणि खालचंही नव्हतं, आणि ही न-रोपं घेऊन आत्या तीन दिवस रांगेत उभी होती.

चौथ्या दिवशी तिनं घरी एक सरळ आणि एक उलटा तुकडा खोक्यातून काढला (अर्थात तिच्या लेखी ते फक्त दोन तुकडे होते), त्यांवर गोळे बांधले आणि दोन्ही कलमं नेऊन कारकुनाच्या टेबलावर उभी केली. त्यानं ती खालून-वरून बघितली. मग साहेबांकडे नेली. साहेबांनी पुष्कळ विचार करून 'प्रकार' या रकान्यात 'इतर' असं लिहिलं, त्याखाली स्वतःच्या हातानं 'वर लाल, खाली हिरवे' अशी पुस्ती जोडली आणि सही केली. नमुने मात्र कार्यालयात जमा झाले. क्रमांक एक आणि क्रमांक दोन.

राहिली दोनशे अठ्ठ्याण्णव. ती बांधायला आत्याला नऊ दिवस लागले. रबर तिनं वापरलंच नाही. पांढरा सुती दोरा, डाव्या हातात अंगुस्तान, आणि ताण इतका नेमका, की गोळा हलू नये आणि दबूही नये. सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली होती. कोणी म्हणालं जोडाला दालचिनीची पूड लावा. कोणी म्हणालं त्यांच्याशी गोड बोला. वकील रोज चहाच्या वेळी येऊन म्हणत, की ही जोडणी दोन्ही पक्षांच्या संमतीनं झालेली नाही, सबब टिकणार नाही. पंधराव्या दिवशी आत्यानं दोरे सोडले. एक गोळा पडला नाही. दोनशे अठ्ठ्याण्णवांपैकी एकही नाही. वहिनीनं स्वतः मोजले. दादानं चष्मा पुसून परत मोजले आणि नंतर बराच वेळ सायकलचं माहितीपत्रक उलट धरून वाचत बसला.

मग कलमं मातीत गेली. लहान लहान कुंड्या, अकरा फुटांत बारा ओळी. पुढचे तीन आठवडे आत्या घरात जमिनीपासून चार बोटं वरून चालत होती. तिनं गॅलरीच्या दारावर 'आत येण्यापूर्वी विचारा' अशी पाटीही लावली. दादानं ती वाचली, आणि विचारून आत जाऊन आला.

दाढीचा पहिला केस वहिनीला दिसला.

"वन्सं," ती म्हणाली, "हा पाचव्या ओळीतला पिवळा बघा बरं. त्याला हनुवटीखाली काहीतरी फुटलंय."

आत्यानं बघितलं. गोळ्याच्या बरोब्बर खाली, दांड्याच्या वरच्या टोकाला, पांढरे बारीक धागे लोंबत होते. तिला वाटलं, आपलाच दोरा राहिला. ओढून बघितला तर तो झाडाचा निघाला. संध्याकाळपर्यंत तसे नऊ सापडले. आठवड्याभरात मोजायचं सोडून द्यावं लागलं. ओळीतला एक गोळा गुळगुळीत, शेजारचा दाढीवाला. परत एक गुळगुळीत, परत दाढीवाला. एखाद्या संमेलनाला मान्यवर दाटीवाटीनं बसवावेत तसं ते दृश्य होतं. शिवाय दाढीवाल्यांची खालची बाजू सुरकुतायला लागली होती आणि कुंडीत हलवलं की ते सैल लागायचे.

वकिलांनी ही नवी जात असल्याचा निर्वाळा दिला आणि ती ताबडतोब नोंदवून टाकण्याचा सल्ला दिला. नाव काय द्यायचं यावर ते आणि दादा दोन दिवस बोलत होते. तेवढ्यात बागायत कार्यालयाचं पत्र आलं. 'नमुना क्रमांक दोन यास दाढी आली असून नमुना क्रमांक एक यास आलेली नाही. तरी या तफावतीबाबत सात दिवसांत लेखी खुलासा करावा.' आत्यानं ते पत्र घडी घालून शिवणाच्या डब्यात, सगळ्यात खाली ठेवलं. एकतीस वर्षांत तिच्याकडे कोणी लेखी खुलासा मागितला नव्हता. मागायची ती.

ती त्या दिवसांत फार कमी बोलायची. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून गॅलरीत जाण्याची सवयही तिनं सोडली, कारण बघायचं म्हणजे जिवावर यायचं. आणि गंमत अशी, की शेवटच्या आठवड्यात दाढ्या वाढायच्याच थांबल्या. इतकंच नाही, तर दिसेनाशा झाल्या. आत्याला कळेना. गेलं, खोड मोडली, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि तपासणीच्या दिवशी इस्त्रीची साडी नेसली.

नर्सरीवाल्या बाई दहाला आल्या. मोठ्या मनाच्या बाई, पण डोळा तराजूसारखा. पहिल्या ओळीत त्या दोन कुंड्यांपुढे थांबल्या, तिसरीपुढे वाकल्या, आणि दांड्याच्या वरच्या टोकावरून अंगठा फिरवून म्हणाल्या,

"याची दाढी कोणी केली?"

आत्या दारात, वहिनी तिच्या मागे, वकील तिच्या मागे. दादा मात्र कठड्यापाशी उभा राहून रस्ता बघत होता, आणि त्या रस्त्यावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"खुंट लागतायत हाताला," बाई म्हणाल्या. "मुळं आहेत ही. रोज कापलीयत कोणीतरी, बारीक कात्रीनं. आणि आत्या, हे तुकडे तुम्ही उलटे लावलेत हो. बूड वर, शेंडा मातीत. मुळं बुडालाच फुटणार ना, मग ती वर फुटली." त्यांनी आत्याचं बोट धरून दांड्याच्या कडेवरून फिरवलं. "बघा. असं वर नेलं की सरकतं, खाली आणलं की अडतं. याला दिशा असते."

आत्याचं बोट त्या कडेवर तसंच राहिलं. वर सरकलं. खाली अडलं. मखमल. मखमलीला लव असते, हात एकीकडे सरकतो आणि दुसरीकडे अडतो, आणि म्हणून मखमलीत कळ्या कधीही, कधीही उलटसुलट बेतायच्या नसतात. हे ती दर वर्षी फळ्यावर लिहायची, खाली दोन रेघा ओढायची, आणि जी मुलगी विसरेल तिला नापास करायची. अशा सात मुली नापास झाल्या होत्या आजवर. त्यातली एक रडली होती, तिचा चेहरा आत्याला नेमका आत्ता दिसला.

तिनं काही सबब सांगितली नाही. वळली आणि म्हणाली, "दादा, तुझी मिशीची कात्री दाखव."

दादानं खिशातून कात्री काढली. पात्यांना हिरवं लागलेलं होतं. तो रोज पहाटे, सगळे उठायच्या आत, स्वतःची मिशी कातरायच्या आधी दीडशे दाढ्या करत होता.

"मला वाटलं, दिसलं नाही तर चालून जाईल," तो म्हणाला. "तू जेवतही नव्हतीस धड."

"अरे पण पैज तुझ्याविरुद्ध होती."

"माझ्याविरुद्ध काय? गॅलरीविरुद्ध होती."

खरं तर इथे आत्याला गहिवरून यायला हवं होतं. पण तिला आला राग. दुसऱ्याकडून टीप घालून आणलेलं शिवण तिनं एकतीस वर्षांत एकदाही चालवून घेतलं नव्हतं, ती तर उसवून परत हातात द्यायची. आणि आज तिच्या स्वतःच्या मालावर भावाची कात्री चाललेली. तिनं बाईंना सांगितलं, की हिशेब साधा आहे. एकशे एकोणपन्नास सरळ, एकशे एकोणपन्नास उलटी. दोनशे झाली नाहीत. मी नापास. दादा, काचवाल्याला बोलाव.

दादा म्हणाला, त्याला आता सायकल नकोच आहे. आत्या म्हणाली, सायकल घ्यावीच लागेल, ठरलंय तसं ठरलंय. दादा म्हणाला, गॅलरी तुझी. आत्या म्हणाली, फुकटची नको. आठवडेच्या आठवडे जी गॅलरी दोघं ओढत होते तीच आता एकमेकांकडे ढकलत होते, आणि आवाज मात्र तेवढाच. वकिलांना दोन्ही बाजू पटत होत्या, त्यामुळे ते फार आनंदात होते.

नर्सरीवाल्या बाई तोवर गुडघ्यावर बसून सरळ कलमं वेगळी काढत होत्या. एकशे एकोणपन्नासच्या एकशे एकोणपन्नास त्यांनी घेतली. दोराबांधणीकडे बघून त्या एवढंच म्हणाल्या, की आमच्या शेडमध्ये दहातलं एक घसरतं, तुमचं एकही घसरलेलं नाही. उलट्या डोक्याचेसुद्धा इतके दिवस धरून बसलेत. पुढचा माल केव्हा पाठवू?

आत्या म्हणाली, "नापास झालेल्याला?"

"मग फेरपरीक्षा घ्या," वहिनी म्हणाली.

"माझ्या वर्गात फेरपरीक्षा नव्हती."

"या घरातला वर्ग माझा आहे," वहिनी म्हणाली, आणि सगळ्यांनी तिच्याकडे वळून बघितलं, कारण हे खरं होतं आणि कोणाच्या लक्षात आलेलं नव्हतं. "निम्मी पास झाली, निम्मी नापास. गॅलरीसुद्धा निम्मी-निम्मी. साडेपाच फूट वन्संचे, साडेपाच यांचे. काचबीच काही नाही. आणि ते दाढीवाले आज संध्याकाळपर्यंत इथून हलले पाहिजेत. मला सकाळी ते बघून दचकायला होतं."

त्यावर अपील नव्हतं. वकिलांनीही ते मान्य केलं.

सायकल आली. ती माहितीपत्रकातल्यापेक्षा लांब निघाली, त्यामुळे तिचं सीट दादाच्या हद्दीत आणि हँडल आत्याच्या हद्दीत आलं. हँडलच्या दोन्ही बाजूंना नव्या मालाच्या ओळी लागल्या, डावीकडे लाल, उजवीकडे पिवळे, आणि मध्ये दादा. कोपर बाहेर गेलं की काटा. गुडघा बाहेर गेला की काटा. जन्मभर खुर्चीत प्रश्नचिन्हासारखा बसणारा माणूस आता सकाळी अर्धा तास रेघेसारखा ताठ बसून पायडल मारतो. आणि समोर दुसरं बघायला काहीच नसल्यामुळे तो मान न हलवता कलमं तपासतो.

"अगं, तिसऱ्या ओळीतला चौथा लाल जरा कलंडलाय," तो आतल्या दिशेनं सांगतो.

आत्या आत नवे तुकडे खोक्यांत भरत असते. सगळे एकाच दिशेनं. सातवं खोकं लागतं, आणि हल्ली आठवंही.

"हात लावू नकोस," ती म्हणते.

"लावतंय कोण? मी इथे श्वाससुद्धा विचारून घेतोय."